मास्तरांचा आवाज कोणी काढला?

१

सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला मास्तरांचा आवाज हरवल्याचं लक्षात आलं.

घशातला आवाज नव्हे. तो अकरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी गाठीसकट कापून काढला होता आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. जीव वाचला होता. हरवला तो दुसरा. ऑपरेशनच्या आधी नऊ दिवस, रोज दोन तास, रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका बंद खोलीत बसून मास्तरांनी तीनशे चाळीस वाक्यं बोलून ठेवली होती. त्या खोलीला सगळे आवाजघर म्हणतात. ज्यांचा आवाज जाणार असतो ते आधी तिथे येऊन बोलतात आणि त्या वाक्यांवरून तळहाताएवढं एक बोलकं यंत्र तयार होतं. माणसानं टाइप करायचं, यंत्रानं त्याच माणसाच्या आवाजात बोलायचं.

मास्तर एकतीस वर्षं मोटार चालवायला शिकवत होते. रुग्णालयाची ठरावीक वाक्यं बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःचीही भर घातली होती. ‘क्लच हळू सोडा, तो कुठे पळून जात नाही.’ ‘आरसा केस विंचरायला दिलेला नाही.’ अर्ध्या गावाला पाठ असलेली वाक्यं.

आवाजघर स्वरताईंच्या ताब्यात असतं. त्या वाचा-उपचार करतात. बुधवारी मास्तरांना घरी सोडायचं होतं म्हणून त्या यंत्रात आवाज भरायला बसल्या, आणि पडद्यावर उत्तर आलं: ‘या रुग्णाच्या नोंदी: शून्य.’

विभागप्रमुखांनी मला बोलावलं. मी पोलीस नाही की गुप्तहेर नाही. यंत्राच्या खोक्यात तळाशी घडी घातलेली जी पुस्तिका असते, जी कोणी उघडत नाही, ती मी लिहिते. या रुग्णालयातल्या निम्म्या यंत्रांच्या पुस्तिका माझ्या. म्हणून मी इथे पुस्तिकाबाई.

“मी कशाला?” मी विचारलं.

“चौघं चार तऱ्हा सांगताहेत,” प्रमुख म्हणाल्या. “कोण काय म्हणालं आणि समोरच्यानं त्याचा काय अर्थ घेतला, हे बघायचीच तुम्हाला सवय आहे. तेवढं बघा.”

“पण परत बोलून घेता नाही का ये—” आणि मी जीभ चावली.

प्रमुखांनी खिडकीबाहेर बघितलं. “मास्तरांच्या मुलीला अजून सांगितलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

२

आवाजघरात एक मदतनीस आहे. माणूस नाही, कृत्रिम बुद्धीचा. खोलीतल्या टॅबशी बोलायचं किंवा त्यावर टाइप करायचं. तो समजून घेतो आणि काम करतो. पण त्याला हात नाहीत. त्याचे हात म्हणजे त्याला दिलेली अकरा अवजारं: शोधणे, वाजवणे, जोडणे अशी. प्रत्येक अवजाराला एक नाव आणि खाली एका ओळीचं वर्णन. कोणत्या वेळी कोणतं उचलायचं, हे तो त्या वर्णनावरून ठरवतो.

ही अवजारं सांभाळणारा तरुण अभियंता तळमजल्यावर बसतो. त्याला सगळे दोनशब्दी म्हणतात. का, ते मला लगेच कळलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“नोंदी काढल्या.”

“कोणी?”

“मदतनीसाने स्वतः.”

“असा आपल्या मनानं काढेल तो?”

“मुळीच नाही.” त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. गेल्या मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, आवाजघरातल्या टॅबवरून, ‘काढणे’ हे अवजार, तीनशे चाळीस नोंदी. कोणीतरी तिथे बसून मदतनीसाला सांगितलं होतं. काय सांगितलं, ते कुठेही उतरलेलं नव्हतं. रुग्णांचं खासगी बोलणं असतं म्हणून मदतनीसाशी झालेला संवाद साठवतच नाहीत.

“‘काढणे’ म्हणजे नेमकं काय होतं?”

“नोंद पुसते.”

“पुसली की परत?”

“विषय संपला.” पण बोलताना त्याचा चेहरा उतरला. “मंगळवारी चार वाजता दप्तरकाकांना तिथून बाहेर पडताना ताईंनी पाहिलंय,” तो म्हणाला. हे दोन शब्दांत मावण्यासारखं नव्हतं.

दप्तरकाका आवाजघराचे नोंदवहीवाले. निवृत्तीला तीन महिने उरलेले. मदतनीस आला त्या दिवशी ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, “हे भूत एक दिवस मीच उतरवणार.”

३

स्वरताई रडून आल्या होत्या, हे त्यांनी चष्मा पुसला तेव्हा दिसलं.

“माझाच पायगुण असेल,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी सकाळी मीच मदतनीसाला सांगितलं होतं, चाचणीच्या नोंदी पुसून टाक म्हणून. तेव्हा मास्तरांच्या गेल्या असतील का?”

“कशा सांगितल्या होत्यात?”

“एकेक क्रमांक देऊन. सहाच होत्या. आणि सकाळी अकराला.” त्यांनी नाक ओढलं. “तरी जागा होईना ती नाहीच. साठा भरलाय. नवीन बाई शुक्रवारपासून बाहेर थांबल्यात, त्यांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. मी रोज बघते, जागा काही वाढत नाही.”

“रुग्णाची नोंद हवी असली की तुम्ही मदतनीसाला काय सांगता?”

“नाव सांगते. पूर्ण नाव. मला कोणाला आकड्यानं हाक मारायला आवडत नाही.”

दप्तरकाका त्यांच्या कोपऱ्यात ताठ बसले होते. टेबलावर एक जाड वही, पेन वहीला दोरीनं बांधलेलं.

“काका, मंगळवारी चारला तुम्ही आवाजघरात होतात?”

“होतो.”

“कशासाठी?”

“पंखा बंद करायला. यंत्राला सगळं येतं, पंखा बंद करता येत नाही.”

“तेव्हा पंखा चालू होता, म्हणजे आत कोणीतरी बसलं होतं. की बसणार होतं?”

काकांनी वही सरळ केली. मग परत तिरकी केली. “दार मी उघडलं,” ते म्हणाले. “चारनंतर कुलूप असतं. नियमाविरुद्ध उघडलं. कोणासाठी ते विचारू नका.”

“काका, तुमच्यावर नाव येतंय.”

“मग येऊ दे.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत राग नव्हता. “तीन महिने राहिलेत माझे. लिहा माझंच नाव. एवीतेवी मी त्या भुताचा वैरी म्हणून प्रसिद्ध आहेच.”

मी पुष्कळ खोटं ऐकलंय. गॅरंटीचा कागद हातात घेऊन लोक काय काय बोलतात! पण जो माणूस गुन्हा आपण होऊन अंगावर घेतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्या कोणावर पांघरूण घालत असतो.

४

मास्तरांची मुलगी जिन्यात भेटली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दुपारची सुट्टी होती; हातात वडिलांसाठी धुतलेले मफलर होते. गळ्यावरचं भोक झाकायला आता रोज एक लागायचा.

मी तिला काही सांगितलं नाही. पुस्तिकेसाठी माहिती हवी म्हणाले. ते खोटंही नव्हतं.

“बाबा तयारच नव्हते हो,” ती म्हणाली. “‘गेला आवाज तर गेला, एकतीस वर्षं ओरडलोय, आता विश्रांती.’ मी भांडले. नऊ दिवस रजा टाकली, रोज हाताला धरून आणलं. ते कुरकुरायचे, मी दाराबाहेर बसायचे. शेवटच्या दिवशी मात्र बाहेर येऊन म्हणाले, ‘पोरी, बरं केलंस.’” ती थांबली. “त्यांच्या आवाजातलं ते शेवटचंच मोठं वाक्य. पण आता त्यांचं काहीतरी बिनसलंय.”

“काय बिनसलंय?”

“ऑपरेशननंतर बरे होते. पाटीवर लिहून चेष्टा करायचे. गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी आले तेव्हापासून माझ्याकडे बघतच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडतात. डॉक्टर म्हणतात, होतं असं.”

मंगळवार. मी तिला जिन्यात तशीच सोडून तळमजल्यावर धावले.

“मला एक ओळ दाखवलीस,” मी दोनशब्दीला म्हटलं. “तिच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळी दाखव.”

“गरज नाही.”

“आहे.”

त्यानं दाखवल्या. ‘काढणे’च्या आधी, चार वाजून नऊ मिनिटांनी, ‘शोधणे’. नंतर, चार अकराला, ‘वाजवणे’: नोंद सापडली नाही. मग परत ‘शोधणे’: शून्य. परत ‘शोधणे’. परत. चार वाजून चाळीस मिनिटांपर्यंत तो माणूस शोधत होता. मी बोटानं मोजलं. नऊ वेळा.

दोनशब्दी खुर्चीत मागे टेकला.

“ज्याला पुसायचंय,” मी म्हटलं, “तो पुसून उठून जातो. अर्धा तास नऊ वेळा शोधत कशाला बसेल? हा जो कोणी होता, त्याला मास्तरांचा आवाज ऐकायचा होता. आणि शोधताना काय दिलंय बघ. नाव नाही, काकांच्या नोंदवहीतला क्रमांक नाही. आठ आकडी क्रमांक. हा कुठला?”

त्यानं तो आकडा निरखला, मग स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं.

“मनगटावरच्या पट्टीचा,” तो म्हणाला.

५

मनगटावरची पट्टी रुग्ण घालतो. तिच्यावरचा बारीक आकडा कर्मचारी वापरत नाहीत, नातेवाईक बघत नाहीत. तो ज्याच्या डोळ्यासमोर चोवीस तास असतो, असा माणूस एकच.

मला लगेच वर जायला हवं होतं. पण एक कोडं सुटत नव्हतं. ऐकायला आलेल्या माणसाच्या नोंदी मदतनीसानं का पुसल्या? तो वेडा नाही, दुष्ट तर नाहीच. त्याला जे वाचायला दिलंय तेवढंच तो जाणतो.

“अकरा अवजारांची वर्णनं कुठे आहेत? कागदावर.”

दोनशब्दीनं एक पान छापून दिलं. ‘शोधणे: नोंद शोधते.’ ‘वाजवणे: नोंद वाजवते.’ आणि पाचव्या ओळीला, ‘काढणे: नोंद काढते.’

“हे काय वर्णन आहे? नावच परत लिहिलंय.”

“स्पष्ट आहे.”

“अरे, कपाटातून फाइल काढतात, दात काढतात, झोप काढतात, खोड काढतात. मदतनीसाला कोणीतरी म्हणालं असेल, अमुक नोंदी ऐकायच्या आहेत. त्यानं आधी शोधल्या, मग कपाटातून वस्तू काढावी तशा ‘काढल्या’, आणि मग वाजवायला गेला. ओळींचा क्रम बघ ना, शोध, काढ, वाजव. किती शहाण्यासारखा क्रम आहे! शेजारी बसलेल्या माणसानं तुला विचारलं असतं, ‘काढू म्हणजे बाहेर काढू की पुसू?’ त्यानं विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही आहे, हेच तुझ्या दोन शब्दांनी त्याला सांगितलं नाही.” मला राग आला होता. “हे असं पान तुला मंजूर तरी कोणी करून दिलं?”

दोनशब्दीनं पान स्वतःकडे ओढलं. मग त्यानं पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे एक चौकट होती, तपासणाऱ्याच्या सहीची.

“तुम्हीच तपासलंत,” तो म्हणाला.

सही माझी होती.

६

आठ महिन्यांपूर्वी त्यानं ते पान मला दिलं होतं. मी एक्स-रेच्या पुस्तिकेच्या गडबडीत होते. वरून खाली नजर फिरवली, शुद्धलेखन बघितलं, आणि मनात म्हटलं, यंत्रासाठीच तर आहे, त्याला कशाला पाल्हाळ? सही ठोकली. ‘काढते’ वाचताना मला अर्थ कळला होता, कारण दोनशब्दी समोर बसून हातानं पुसल्याची खूण करत होता. ती खूण कागदावर नव्हती.

ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. मंगळवारी सकाळी आठला मी मास्तरांच्या खोलीत गेले.

ते खाटेवर बसून लिहीत होते. शेजारी फाडलेल्या पानांचा चुरगाळा. मी खुर्ची ओढली तसं त्यांनी वही छातीशी धरली, मग सावकाश माझ्यापुढे केली.

‘माननीय प्रमुख यांस. कळलं की दप्तर सांभाळणाऱ्यांवर आळ आला आहे. त्यांचा दोष नाही. मी विनवलं म्हणून त्यांनी दार उघडलं. ते माझे जुने विद्यार्थी आहेत, तीन वेळा नापास झाले, पण खोटं वागले नाहीत. माझा आवाज मीच’

पुढे वाक्य अडलं होतं.

“ऐकायचा होता ना?” मी म्हटलं.

मास्तरांनी मान हलवली. मग वही ओढून घेतली आणि भराभर लिहिलं. ‘मनात बोलतो तेव्हा पूर्वी माझाच आवाज यायचा. पाचव्या दिवशी यायचा बंद झाला. घाबरलो. म्हटलं, एकदा ऐकून येऊ.’

“आणि मदतनीसाला काय लिहिलंत? जसंच्या तसं आठवतं?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो दिवस ते आठवडाभर पुन्हा पुन्हा जगत होते हे दिसत होतं. लिहिलं: पट्टीवरचा आकडा, आणि पुढे ‘माझा आवाज काढ.’

गळ्यातून आवाज काढावा, तसं. माणूस दुसरं काय म्हणणार?

त्यांनी पान उलटलं. ‘तो म्हणाला, काढल्या. मग म्हणाला, सापडत नाहीत. पोरीनं नऊ दिवस रजा काढली होती. मी एका बोटानं सगळं घालवलं. तिला कोणत्या तोंडानं सांगू?’ आणि त्यावर स्वतःच, कसंनुसं हसून, खाली लिहिलं: ‘तोंडही उरलं नाही.’

मी वही मिटून त्यांच्या मांडीवर ठेवली. आता सांगायचं माझं होतं.

“मास्तर, तुम्ही सरळ गाडी चालवत होतात. पाटी चुकीची लावली होती. ती लावणारे दोघं आहेत, एक खाली बसलाय आणि दुसरी मी.” आणि मी त्यांना त्या सहीबद्दल सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. एकतीस वर्षं चुकणाऱ्यांच्या शेजारी बसलेला माणूस होता तो. त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं, आणि त्यानं मला जास्तच लाज वाटली.

७

दप्तरकाकांना सोडवायला गेले तेव्हा ते वहीत रोजचा आकडा लिहीत होते.

“मास्तरांनी सांगितलंय सगळं,” मी म्हटलं. “आता पांघरूण काढा.”

काकांनी पेन खाली ठेवलं. “फार वाईट झालं, बाई. आत सोडताना वाटलं, जरा ऐकतील, बरं वाटेल. पंधरा मिनिटांनी परत डोकावलो तर ते टॅबला दोन्ही हातांनी धरून बसलेले. मी तसाच मागे फिरलो.”

मी वहीकडे बघितलं. “हे काय लिहिता रोज?”

“साठा किती भरलाय. पडद्यावर येतं, पण माझा त्याच्यावर विश्वास नाही. सकाळी दहाला मी स्वतः उतरवतो.”

गेल्या सोमवारी: नव्याण्णव टक्के. मंगळवारी नव्याण्णव. बुधवारी नव्याण्णव. काल नव्याण्णव.

मी बोट तिथेच ठेवलं. “काका, एका माणसाचा आवाज किती जागा खातो?”

“दोन टक्के. सगळ्यांचा साधारण तेवढाच.”

“मंगळवारी दुपारी मास्तरांच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. मग बुधवारी सत्त्याण्णव व्हायला हवे होते.”

काका वहीवर वाकले. “ते यंत्र आळशी आहे हो. नेहमीचंच आहे. हे बघा, मागच्या महिन्यात त्या गाणं शिकवणाऱ्या बाई घरी गेल्या, तीन तारखेला त्यांच्या नोंदी काढल्या. जागा मोकळी झाली दहाला. त्याच्या आधीच्या महिन्यातले ते सुतार, त्यांच्या बाराला काढल्या, एकोणीसला आकडा उतरला. दर वेळी आठवडा लावतं.”

“दर वेळी बरोबर सात दिवस?”

“माझी वही चुकत नाही.”

आळशी माणूस कधी चार दिवस लावतो, कधी दहा. दर वेळी सातच लावणारा आळशी नसतो; त्याला तसं सांगितलेलं असतं. ‘काढणे’ पुसत नव्हतंच. ते बाजूला काढून ठेवत होतं, आणि सात दिवस भरले की मग पुसत होतं.

मास्तरांनी मागितला आवाज. मदतनीस समजला कपाटातून काढणं. अभियंता समजला पुसणं. आणि प्रत्यक्षात घडत होतं चौथंच.

“काका, आज वार कोणता?”

“मंगळवार,” काका म्हणाले, आणि मग त्यांच्याही लक्षात आलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. चार वाजून दहा मिनिटांनी सात दिवस पुरे होत होते.

मी जिन्यावरून उतरले त्याला उतरणं म्हणत नाहीत. दोनशब्दीनं ऐकलं आणि अवजाराचं पोट उघडलं. ते त्यानं बनवलेलं नव्हतंच. त्याच्या आधीच्या अभियंता बाई करून गेल्या होत्या, त्यानं फक्त वर्णन लिहिलं होतं. त्यानं खालपर्यंत वाचलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“बाजूला एक कप्पा आहे आणि त्या सगळ्या तिथे आहेत, पण परत आणायचं अवजारच कोणी केलेलं नाही, आणि मी हे कधी उघडून बघितलंच नाही, नाव वाचलं आणि मला वाटलं की कळलं.” मी त्याच्या तोंडून ऐकलेलं ते सगळ्यात लांब वाक्य.

“बनव मग.”

तो बनवत बसला. स्वरताई येऊन उभ्या राहिल्या. काका आले, स्वतःची खुर्ची घेऊन. दोन वाजता पहिला प्रयत्न फसला. तीनला दुसरा. तीन वाजून अडतीस मिनिटांनी पडद्यावर आलं: ‘या रुग्णाच्या नोंदी: तीनशे चाळीस.’

स्वरताईंनी खात्रीसाठी एक वाजवली. खोलीत मास्तर म्हणाले, “ब्रेकवर पाय ठेवा आणि मनावर दगड. आता उतार आहे.”

काकांनी तोंड फिरवलं आणि पंखा चालू आहे का ते बघू लागले.

८

त्याच संध्याकाळी मी आणि दोनशब्दी ते पान घेऊन बसलो. पाचवी ओळ लिहायला आम्हाला पाऊण तास लागला.

‘काढून ठेवणे: एका रुग्णाच्या सर्व नोंदी मुख्य साठ्यातून उचलून बाजूच्या कप्प्यात ठेवते. सात दिवस पुरे होईपर्यंत “परत आणणे” हे अवजार वापरून त्या परत आणता येतात. त्यानंतर त्या कायमच्या पुसल्या जातात. रुग्ण घरी गेल्यावर आणि त्याचा आवाज यंत्रात भरून झाल्यावरच वापरावे. नोंदी ऐकण्यासाठी किंवा पाहण्यासाठी हे वापरू नये. ऐकण्यासाठी “वाजवणे” आहे. वापरण्याआधी, कोणाच्या किती नोंदी कुठे जाणार आहेत हे समोरच्या माणसाला सांगून त्याचा होकार घ्यावा.’

“फार लांब झालं का?” त्यानं विचारलं.

“तू शेजारी नसताना पुरेल का, तेवढं बघ.”

आम्ही ते मदतनीसाला दिलं, आणि मी मास्तरांचेच शब्द टाइप केले. माझा आवाज काढ. मदतनीसानं लिहिलं: ‘तुम्हाला तुमच्या नोंदी ऐकायच्या आहेत का? तसं असेल तर मी लगेच वाजवतो. त्या साठ्यातून हलवायच्या असतील तर तसं सांगा. आधी त्याचे परिणाम समजावून सांगतो.’

दोनशब्दीनं उरलेली दहा वर्णनं स्वतःकडे ओढली. “घरी जा,” तो मला म्हणाला. पण मी बसले. या वेळी सही करण्याआधी प्रत्येक अवजार चालवून बघितलं.

बुधवारी सकाळी मास्तरांच्या हातात यंत्र दिलं. मुलीला मंगळवारचं काही ठाऊक नव्हतं. मास्तरांनी आम्हाला थांबायची खूण केली, आणि एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत, बराच वेळ टाइप केलं. मग बटण दाबलं.

“पोरी, तुझे नऊ दिवस मी घालवले होते,” मास्तरांचा आवाज म्हणाला. “या लोकांनी शोधून आणले. आठवडाभर तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही.”

मुलगी खाटेच्या कडेला बसली. ती काय ऐकत होती कोण जाणे. मला नाही वाटत की त्यातला मजकूर तिच्यापर्यंत पोचला. ती म्हणाली, “परत बोला.” त्यांनी परत दाबलं. “परत,” ती म्हणाली.

अकरा वाजता ते निघाले. मी खिडकीत उभी होते. गाडी मुलगी चालवत होती, मास्तर शेजारी, मफलर नीट गुंडाळून, यंत्र मांडीवर. फाटकाशी रस्ता दोन्हीकडे जातो. मुलगी डावीकडे वळली. मास्तरांची मान लगेच खाली गेली आणि बोट चालू लागलं. गाडी झाडाखालून गेली, औषधाच्या दुकानावरून गेली, कोपऱ्याच्या जवळ पोचली, आणि तेव्हा कुठे उघड्या काचेतून त्यांचा आवाज आला, चांगला खणखणीत, अर्ध्या रस्त्याला ऐकू जाईल असा.

“उजवीकडे वळायचं होतं!”

गाडी कोपऱ्यावर थांबली. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, मग आणखी एकानं. मुलीनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, ते वरून सांगता येत नव्हतं. मास्तर पुन्हा टाइप करायला लागले होते.